घर आत्ताच मुलाच्या नावावर करून टाकू का?

हा प्रश्न घेऊन येणारी माणसं बहुतेक सत्तरीपुढची असतात आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत असतात. "नंतर कटकट नको, कोर्टकचेरी नको. डोळ्यांदेखत सगळं करून टाकतो." वकिलाकडे जाऊन झालेलं असतं, मसुदाही तयार असतो. सही करताना मात्र हात अडखळलेला असतो, आणि का अडखळला हे त्यांना सांगता येत नसतं. तेवढ्यासाठी ते माझ्याकडे, समुपदेशकाकडे येतात. अशाच एका जोडप्याच्या पाच भेटी इथे थोडक्यात मांडते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

काका चौऱ्याहत्तरचे, काकू एकोणसत्तरच्या. मुलगा-सून त्यांच्याबरोबर राहतात, मुलगी सासरी, दुसऱ्या गावात. काकांनी बक्षीसपत्राचा, म्हणजे घर हयातीतच मुलाला देऊन टाकण्याच्या दस्ताचा, मसुदा टेबलावर ठेवला. चार घड्या घालून घालून तो कडांना फाटायला आला होता.

"मुलीचं काय म्हणणं?" मी विचारलं.

"तिला काय म्हणायचंय? तिचं लग्न आम्ही थाटात करून दिलं."

"तिला विचारलंत?"

"विचारलं की ती नको म्हणणार. मग विचारायचं कशाला?"

काकू मांडीवर पर्स धरून गप्प बसल्या होत्या.

बक्षीसपत्राचं आकर्षण कशात आहे हे मला कळतं. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला किंवा मुलीला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त ₹२०० पडतं, बाकीचे अधिभार वेगळे. एवढ्या स्वस्तात काम होतंय म्हटल्यावर ते छोटंसं वाटायला लागतं. प्रत्यक्षात दोन साक्षीदारांसमोर सही होऊन दस्त नोंदला गेला आणि मुलाने तो स्वीकारला, की घर त्याचं. उद्या तुमचं मन बदललं म्हणून ते परत घेता येत नाही. उद्या त्याचा धंदा बुडाला तर त्याची देणी त्या घरापर्यंत पोहोचू शकतात. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे: सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. ती अट दस्तातच स्पष्ट लिहिलेली असेल तर बाजू भक्कम राहते. "प्रेमापोटी व आपुलकीपोटी" एवढंच लिहिलेलं असेल तर बरंच काही सिद्ध करत बसावं लागतं. शिवाय न्यायाधिकरणापुढे अर्ज करायचा म्हणजे पोटच्या पोराच्या विरोधात उभं राहायचं. कायद्याने दार उघडं ठेवलंय, पण त्यातून जायला आईबापांचे पाय उचलत नाहीत.

मृत्युपत्र याच्या अगदी उलट. तुम्ही असेपर्यंत मालकी तुमचीच राहते आणि हवं तेव्हा मजकूर बदलता येतो. म्हणून मी साधारणपणे मृत्युपत्राच्या बाजूने असते. काकांनाही तेच सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या भेटीला तोच मसुदा परत घेऊन आले.

तीन भेटी मी मुलगा आणि मुलगी याच जोडीकडे बघत राहिले. चूक माझी होती. संपत्तीचा तिढा असला की आपण वारसांकडे बघतो. मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली आहे: खोलीत सर्वांत कमी बोलणारं माणूस कोण, ते आधी बघायचं. या वेळी मी ती विसरले. चौथ्या भेटीत काकूंकडे वळले.

"काकू, काका नसतील त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कुठे असाल?"

"कुठे म्हणजे? स्वयंपाकघरात." मग जरा थांबून, "पण ते कोणाचं असेल?"

काका म्हणाले, "अगं, मुलगा काय तुला बाहेर काढणार आहे?"

"नाही काढणार. पण त्याने राहू दिलं म्हणून मी राहीन."

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मी मुद्दामच काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की तो क्षण गेलाच. मग काकूंनी पर्स उघडली आणि इंडेक्स टूची, म्हणजे घरखरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्याची, झेरॉक्स बाहेर काढली. खरेदीदार म्हणून दोन नावं होती, दुसरं काकूंचं. मसुद्याच्या शेवटी त्यांच्याही सहीची जागा होती. "इथे सही कर" एवढंच त्यांना सांगण्यात आलं होतं.

काकांचा हात का अडखळत होता, ते इथे उलगडलं. मुलं भांडतील ही भीती तोंडावर होती. आत वेगळंच होतं: आपल्यामागे हिचं काय, हे त्यांनी तिला कधी विचारलंच नव्हतं, आणि न विचारता उत्तर लिहून टाकलं होतं. माझ्या अनुभवात वाटणीचा कागद अडतो तो बहुतेक वेळा आकड्यांवर नव्हे, न विचारलेल्या प्रश्नावर. घरातलं एखादं माणूस हिशेबात धरलेलं नसतं, आणि बाकीच्यांना ते आतून माहीत असतं.

दोघांच्या नावावरच्या घराबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तुमचं मृत्युपत्र तुमच्या हिश्श्यापुरतंच चालतं. नवराबायकोने आपापलं स्वतंत्र मृत्युपत्र करावं. वडिलोपार्जित मालमत्तेचंही तसंच, फक्त आपला वाटा देता येतो.

पुढचा प्रश्न होता की काकांनी आपला हिस्सा काकूंना द्यायचा कसा. एक मार्ग हयातीपर्यंत राहण्याचा हक्क, त्यानंतर घर मुलाला. हा लोकांना आवडतो, कारण त्यात सगळं बांधून ठेवल्यासारखं वाटतं. मला तो फारसा पटत नाही. नुसता हयातीचा हक्क असलेल्या बाईला घर विकता येत नाही. उद्या चोवीस तास माणूस ठेवायची वेळ आली तर पैसा उभा करायला ती मुलाच्याच तोंडाकडे बघणार. पूर्ण मालकी दिली तर हा अडसर राहत नाही.

काकांनी विचारलं, "आणि हिने नंतर सगळं बदललं तर?"

"बदलीनही," काकू म्हणाल्या. आणि दोघंही हसले. पाच भेटींत पहिल्यांदाच.

शेवटी ठरलं ते असं. दोघांची दोन मृत्युपत्रं. आधी जाणाऱ्याचा घरातला हिस्सा मागे राहणाऱ्याला. जोडीदार आधीच गेलेला असेल तर घर मुलाला, मुदत ठेवी मुलीला. मुलाने गृहकर्जाचे हप्ते बरीच वर्षं भरले होते. त्यामुळे घर त्याला का, हे मृत्युपत्रात एका वाक्यात लिहायला मी सांगितलं. कायद्याला ते वाक्य लागत नाही, मुलीला लागतं. तिच्याशी काकू फोनवर बोलल्या. ती म्हणाली, "मला घर नकोच होतं. फक्त मला न विचारता माझं 'नको' गृहीत धरू नका." हे असंच असतं. रक्कम मुलांना आज सांगितली नाही तरी चालेल, कारण मात्र जिवंतपणी सांगावं.

मसुद्यात लोक हमखास चुकतात त्या जागा सांगते. "सर्व मालमत्ता सर्वांना समान" असं लिहिलं तर घराचे तुकडे कसे करायचे, हे भांडण तुम्हीच लावून जाता. प्रत्येक वस्तूपुढे नाव हवं आणि शेवटी "याव्यतिरिक्त जे काही उरेल ते" अमक्याला, ही ओळ हवी. ती नसली की विसरलेल्या खात्याला मृत्युपत्र लागूच होत नाही. त्यावर वारसा कायदा चालतो, म्हणजे हिंदू कुटुंबात पुरुष गेला तर पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई, सगळ्यांना सारखा वाटा. पूर्वीची मृत्युपत्रं रद्द केल्याचं लिहा. साक्षीदार किमान दोन, आणि सही त्यांच्या डोळ्यांसमोर. मजकूर त्यांनी वाचायची गरज नाही. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नका. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान निवडा, पुढे कोर्टात उभं राहायला तो हयात हवा. पंचाहत्तरीच्या आसपास असाल तर सहीच्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा, पुढची बरीच वकिली वाचते. नोंदणी सक्तीची नाही आणि मृत्युपत्राला मुद्रांक शुल्कही नाही. नोंदणी करा असं मी तरी सांगते, पण एक लक्षात असू द्या: आज नोंदवलेल्या मृत्युपत्रानंतर कुणी साध्या कागदावर रीतसर दुसरं केलं, तर चालतं ते शेवटचंच.

नॉमिनीचा गैरसमज काकांनाही होता. सगळ्या ठेवींना मुलगा नॉमिनी, म्हणजे पैसे त्याचे, असं ते धरून चालले होते. बँक नॉमिनीच्या हातात रक्कम देते आणि मोकळी होते, पण ती रक्कम कुणाची हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच सांगितलं. मृत्युपत्र एकाच्या नावाने आणि नॉमिनी दुसराच, ही भांडणाची तयार जागा. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, तेव्हा दोन्ही कागद जुळवून घ्या.

पाचव्या भेटीत मूळ प्रत कुठे ठेवायची हा विषय निघाला. काका म्हणाले, लॉकरमध्ये. मी विचारलं, लॉकर कोणाच्या नावावर? एकट्या त्यांच्या. म्हणजे लॉकर उघडायला कागद लागणार आणि कागद लॉकरमध्ये.

"डब्यांच्या कपाटात, वरच्या फळीवर," काकू म्हणाल्या. "तिथे मी सोडून कोणी हात घालत नाही."

"मग तुम्ही नसताना?"

काकूंनी क्षणभर विचार केला आणि तिथूनच भाच्याला फोन लावला. मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला दोघांनी त्याचंच नाव घातलं होतं. वरची फळी, डाळीच्या डब्यामागे, हे त्यांनी त्याला दोनदा सांगितलं.