मुख्याध्यापकांनी हातात दिलेला ‘सुधारणा आराखडा’: सही कुठे करायची आणि काय मागायचं

प्रश्न: मी एका खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेत सतरा वर्षं गणित शिकवते आहे. कायम शिक्षिका आहे. मागच्या वर्षी दहावीचा गणिताचा निकाल घसरला, दोन पालकांनी लेखी तक्रारी दिल्या. आता मुख्याध्यापकांनी 1 सप्टेंबर ते 30 नोव्हेंबर असा तीन महिन्यांचा ‘अध्यापन सुधारणा आराखडा’ दिला आहे. त्यात चार मुद्दे आहेत: वर्गनियंत्रण सुधारावे, अध्यापनात आधुनिक तंत्र वापरावे, पालकांच्या तक्रारी येऊ नयेत, निकाल 85 टक्के आणावा. शेवटी ‘मुदतीत समाधानकारक सुधारणा न झाल्यास संस्था जो निर्णय घेईल तो मला मान्य राहील’ असं वाक्य आणि खाली माझ्या सहीची जागा. सही करू का? सहकारी म्हणतात, ही घरी पाठवायची तयारी आहे. अशा आराखड्याने खरंच कुणी सुधारतं का?

उत्तर: आधी सहीचं पाहू, कारण ते थांबणार नाही. आराखडा घ्या, नाकारू नका. नाकारलात तर ‘पत्र घेण्यास नकार’ असा शेरा मारून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या जातात आणि शिकवण्याचा साधा प्रश्न शिस्तभंगाचा होऊन बसतो. मात्र त्या वाक्याखालच्या जागेवर सही करू नका. कार्यालयाच्या प्रतीवर वरच्या कोपऱ्यात लिहा: ‘प्रत मिळाली. मजकूर व शेवटचे वाक्य मान्य नाही. सविस्तर म्हणणे स्वतंत्र पत्राने सादर करते.’ त्याखाली सही, तारीख, वेळ. लगेच त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

त्या वाक्याला कायद्यात फारसं बळ नाही. तुमच्या सेवेला महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, 1977 आणि त्याखालची 1981 ची नियमावली लागू आहे. अधिनियमाच्या कलम 4(6) नुसार अधिनियम आणि नियम यांत सांगितलेल्या पद्धतीखेरीज संस्था कुणाला निलंबित करू शकत नाही, सेवेतून काढू शकत नाही की पदावनत करू शकत नाही. तुम्ही आधीच ‘मान्य’ लिहून दिलंत म्हणून ही पद्धत टळत नाही. तरीही सही नको, कारण पुढे चौकशीत तोच कागद ‘शिक्षिकेने स्वतःची अकार्यक्षमता कबूल केली’ म्हणून समोर ठेवला जातो आणि तो खोडून काढण्यात तुमचे महिने जातात.

आता तुमच्या भीतीचा मुद्दा. कायम शिक्षकाला काढण्याच्या कारणांमध्ये ‘अकार्यक्षमता’ आहे, हे खरं. पण नियम 28 मध्ये तिची व्याख्या दिली आहे आणि ती प्रत्येक शिक्षकाने वाचून ठेवावी अशी आहे. वारंवार सूचना देऊनही आणि सोयी उपलब्ध करून देऊनही शैक्षणिक प्रगती व अद्ययावत ज्ञान न राखणं, ही एक बाब. आणि आपल्या आवाक्याबाहेरचं कारण नसताना ठरलेल्या वेळेत अभ्यासक्रम पूर्ण न करणं, ही दुसरी. पहिल्या बाबीतले ‘वारंवार सूचना’ आणि ‘सोयी’ हे दोन्ही शब्द तुमच्या कामाचे आहेत. नुसता निकाल घसरला म्हणून अकार्यक्षमता सिद्ध होत नाही. काय चुकतंय हे सांगितलं होतं का, पुन्हा पुन्हा सांगितलं होतं का आणि सुधारायला काय दिलं, हे संस्थेला दाखवावं लागतं. तुमच्या आराखड्यातले चारही मुद्दे ‘तुम्ही काय करावे’ असेच आहेत. शाळा काय देणार, याची एक ओळही त्यात नाही. कायद्याच्या नजरेने तो आराखडा इथेच लंगडा पडतो.

आणि असे आराखडे खरोखर उपयोगी पडतात का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही त्याच उणिवेत आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या काही सरकारी शाळांमध्ये एक प्रयोग झाला. ज्या शिक्षकाचं मूल्यमापनात एखादं ठरावीक कौशल्य कमी पडत होतं, त्याची जोडी त्याच शाळेतल्या, नेमक्या त्या कौशल्यात चांगल्या असलेल्या शिक्षकाशी लावली. दोघांनी एकमेकांचे तास बघायचे आणि त्यावर बोलायचं. कमी पडणाऱ्या शिक्षकांच्या वर्गातल्या मुलांचे चाचणीतले गुण वाढले. शिक्षकाला वर्गात येऊन मार्गदर्शन करण्यावरच्या 60 अभ्यासांचा 2018 साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यातही अध्यापन बऱ्यापैकी सुधारलेलं आणि मुलांचे गुण त्याहून कमी, पण नक्की वाढलेले दिसले. योजना मोठ्या प्रमाणावर राबवली की परिणाम पातळ होतो, हेही त्याच आढाव्यात आहे. म्हणजे माणूस वर्गात येऊन, नेमकं एक कौशल्य धरून मदत करतो तेव्हा शिक्षक सुधारतो. मुदत घालून दिलेल्या कागदाने सुधारत नाही. तेव्हा आराखड्याला विरोध करण्यापेक्षा तो खरा करून मागा. तुमचं शिकवणं सुधारायला तोच उपाय आहे आणि पुढे वाद झाला तर तुमचा बचावही तोच.

कसा मागायचा ते सांगतो. आठवड्याच्या आत मुख्याध्यापकांना पत्र द्या, त्याची प्रत संस्थेच्या सचिवांना. दोन्हीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पोच देत नसतील तर नोंदणी केलेल्या स्पीड पोस्टने पाठवा. पत्रात भांडण नको. ‘मला सुधारणा करायची आहे, त्यासाठी आराखड्यात खालील बदल करावेत’ असा सूर ठेवा आणि एकेक मुद्दा घ्या.

‘वर्गनियंत्रण सुधारावे’ हे कुणालाच मोजता येत नाही. त्याऐवजी लिहा: तास सुरू झाल्यापासून पाच मिनिटांत सर्व विद्यार्थी वही उघडून फळ्यावरचे पहिले उदाहरण सोडवू लागतील, दर पंधरवड्याला दोन पाठांचे निरीक्षण व्हावे, निरीक्षक गणित शिकवणारा असावा, निरीक्षणाची लेखी टीप त्याच दिवशी मिळावी आणि लॉगबुकातील (पाठनिरीक्षणाच्या नोंदवहीतील) नोंदीखाली माझी सही व म्हणणे घ्यावे. निरीक्षक गणिताचाच हवा, हे सोडू नका. मराठी किंवा इतिहासाच्या शिक्षकाला वर्ग शांत आहे की नाही एवढंच दिसतं. मुलगा वर्गसमीकरणात कुठे अडला ते दिसत नाही. शाळेत दुसरा गणित शिक्षक नसेल तर जवळच्या शाळेतला अनुभवी शिक्षक बोलवावा, अशी विनंती लिहा.

‘आधुनिक तंत्र’ म्हणजे कोणतं, ते विचारा. प्रोजेक्टर असेल तर आठवड्यातल्या कोणत्या तासिकेला मिळेल, प्रशिक्षण असेल तर कोणतं आणि त्या दिवसाचे तास कोण घेणार? ‘पालकांच्या तक्रारी येऊ नयेत’ ही अट मात्र काढून टाकायलाच सांगा. तक्रार करणं पालकांच्या हातात आहे. तुमच्या हातात तक्रारीला उत्तर देणं आहे. त्या दोन तक्रारींच्या प्रती मागा आणि लेखी उत्तर द्या.

85 टक्क्यांवर सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण फास तिथेच बसतो. तीन महिन्यांच्या आराखड्यात दहावीचा निकाल येतच नाही, तो पुढच्या उन्हाळ्यात लागतो. मग 30 नोव्हेंबरला सुधारणा झाली की नाही हे ठरणार कशावर? शिवाय आठवीत बैजिक राशींचे अवयव न जमलेलं मूल दहावीत वर्गसमीकरणं अवयव पाडून सोडवू शकत नाही आणि ते मूल आठवीत तुमच्याकडे होतं की नाही, याची नोंद कुणी ठेवलेली नसते. म्हणून पहिल्याच आठवड्यात वर्गाची 20 प्रश्नांची पायाभूत चाचणी घ्या: पूर्णांक, अपूर्णांक, गुणोत्तर, अवयव, साधी समीकरणं. मुलांचे गुण प्रश्नवार कोष्टकात भरा आणि ते कोष्टक पत्रासोबत मुख्याध्यापकांना द्या. मुदत संपताना त्याच दर्जाची दुसरी चाचणी घ्यावी आणि दोन्हींतला फरक हा निकष धरावा, असं सुचवा. ही चाचणी संस्थेच्या नव्हे, तुमच्याच उपयोगाची आहे. कोणती आठ मुलं कुठे अडकली आहेत ते तिच्याशिवाय कळत नाही.

मुदतही बदलून मागा. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये प्रथम सत्र परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी येते. हातात प्रत्यक्ष शिकवण्याचे आठवडे जेमतेम आठ-नऊ उरतात. महिन्यांऐवजी ‘अध्यापनाचे 60 दिवस’ असं लिहून मागा.

यासोबत एक वही घाला. रोजची तासिका, काय शिकवलं, बुडालेली तासिका आणि तिचं कारण. निवडणूक किंवा जनगणनेचं काम, परीक्षेचं पर्यवेक्षण, बदली तासिका, क्रीडा स्पर्धा, सगळं लिहा आणि आदेशाची प्रत जोडा. अभ्यासक्रम मागे राहिला असा आरोप आला तर ‘आवाक्याबाहेरचं कारण’ दाखवायला हीच वही लागते. वार्षिक नियोजन आणि पाठ टाचण मुख्याध्यापकांच्या सहीसह हवं. महिन्यातून एकदा दोन-तीन मुलांच्या वह्यांची तारखा दिसतील अशी छायाचित्रं काढा. अभ्यासक्रम कधी कुठपर्यंत पोचला याचा मुलांच्या वहीइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

मागचे गोपनीय अहवालही, म्हणजे तुमच्या कामावरचे वार्षिक अहवाल, मागवून घ्या. नियम 15 नुसार ते दरवर्षी लिहायचे असतात आणि प्रतिकूल शेरे लेखी कळवायचे असतात. अहवाल लिहिलाच नाही किंवा प्रतिकूल शेरा मुदतीत कळवला नाही, तर त्या काळातलं काम समाधानकारक होतं असं नियमच मानतो. सतरा वर्षांत एकही शेरा कळवलेला नसेल तर ते पत्रात स्पष्ट लिहा. प्रती दिल्या नाहीत तर शाळेच्या माहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपयांच्या शुल्कासह माहिती अधिकाराचा अर्ज करा. 30 दिवसांत उत्तर यायला हवं.

एवढं करूनही आरोपांचं विवरण आलंच, तर घड्याळ वेगाने फिरतं. लेखी खुलासा 7 दिवसांत द्यायचा असतो. त्यानंतर चौकशी ठरली तर त्रिसदस्य समिती बसते: एक संस्थेचा, एक तुम्ही सुचवलेला आणि एक राज्य वा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतून निवडलेला. तुमचा सदस्य कोणत्याही खाजगी शाळेतला कर्मचारी असू शकतो. त्याचं संमतीपत्र जोडून नाव 15 दिवसांत कळवा, नाहीतर तो हक्क सोडला असं धरलं जातं. इथे अनेक शिक्षक आपल्याच शाळेतला मित्र सुचवतात. त्याच संस्थेत नोकरी करणाऱ्यावर किती दबाव येतो याचा विचार करा आणि दुसऱ्या संस्थेतला, चौकशीचं कामकाज माहीत असलेला माणूस शोधा.

या काळात ‘राजीनामा द्या, सगळं मिटवू’ असा निरोप येण्याची शक्यता मोठी आहे. कोऱ्या किंवा तारीख नसलेल्या कागदावर कधीही सही करू नका. कलम 7 नुसार राजीनामा दोन प्रतींत, दोन्हीवर सही आणि तारीख घालून, एक प्रत नोंदणीकृत डाकेने पाठवायची असते. जबरदस्तीने घेतलेले राजीनामे रोखण्यासाठीच ही तरतूद आहे. दबावाखाली काही लिहून दिलंच असेल तर त्याच दिवशी ते मागे घेत असल्याचं पत्र संस्थेला आणि शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांना पाठवा.

सेवा संपवली किंवा पदावनत केलं, तर कलम 9 खाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. मुदत आदेश मिळाल्यापासून 30 दिवस. नुसत्या आराखड्याविरुद्ध किंवा ताकीद पत्राविरुद्ध हे अपील होत नाही, म्हणून आत्ता न्यायाधिकरणात धावू नका. तुमची आजची लढाई लेखी उत्तराची आहे.

तुमच्यासारखंच पत्र हातात आलेल्या इतरांसाठी दोन गोष्टी. परिवीक्षेवरचे, म्हणजे अजून कायम न झालेले शिक्षक आणि मानधनावरचे शिक्षण सेवक यांना वरचं पूर्ण संरक्षण नाही. काम समाधानकारक नसेल तर संस्था एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन त्यांना कमी करू शकते. पण त्यांच्या कामाचं वस्तुनिष्ठ मूल्यमापन करून त्याची नोंद ठेवणं नियमाने बंधनकारक आहे, त्यामुळे प्रत्येक निरीक्षणाची लेखी टीप मागणं त्यांना जास्तच गरजेचं आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना हा अधिनियम लागूच नाही. त्यांची शिस्तभंग कारवाई 1964 च्या जिल्हा परिषद जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियमांनुसार चालते आणि त्यांना शाळा न्यायाधिकरणाची वाट नाही. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्यांसाठी शिक्षण हक्क कायद्याचं कलम 24 मात्र दोन्हीकडे उपयोगी आहे: कर्तव्यात कसूर म्हणून कारवाई करण्याआधी म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यावीच लागते.

तुम्ही या आठवड्यात तीन कामं करा: पोच, बदल मागणारं पत्र आणि पायाभूत चाचणी. पत्राचं उत्तर आलं, की आराखड्याच्या आणि उत्तराच्या प्रती घेऊन सेवाविषयक प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाला एकदा प्रत्यक्ष भेटा.