रिट्रेनिंग केलं की लोक बोलायचे थांबतात

तुमच्या पोस्टमधली जवळजवळ प्रत्येक ओळ ओळखीची वाटली. गोव्यात कुंडईच्या औषध कारखान्यात क्यूसीमधून (मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागातून) उचलून ट्रेनिंग को-ऑर्डिनेटर केलेलं, समोर पॅकिंगमधले मुरलेले ऑपरेटर हाताची घडी घालून बसलेले, माल्कम नोल्स या प्रौढशिक्षणाच्या अभ्यासकाची तत्त्वं वाचून गटचर्चा आणि खेळ घेतले तरी कोणी तोंड उघडत नाही, आणि लाईन क्लिअरन्सचं (नवी बॅच सुरू करण्याआधी लाईनवर आधीच्या बॅचचं काही उरलं नाही ना ते बघण्याचं) तेच डेव्हिएशन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीतली चूक, पुन्हा आल्यामुळे महिनाअखेरीआधी तिन्ही शिफ्टचं रिट्रेनिंग उरकायचंय. वेर्ण्याकडच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं ह्याच खुर्चीवर होते. हजेरीपत्रक, ट्रेनिंग मॅट्रिक्स (कोणाला कुठलं ट्रेनिंग लागतं त्याचा तक्ता), एसओपीची म्हणजे लेखी कार्यपद्धतींची यादी हे तुम्हाला येतच असणार, म्हणून त्यात शिरत नाही.

आधीच सांगते, माझा अनुभव गोळ्या-कॅप्सूलच्या पॅकिंगचा. इंजेक्शनच्या स्टराईल (जंतुरहित) विभागात गणित वेगळं असू शकेल. आणि शेवटचा शब्द तुमच्या क्यूएचाच (गुणवत्तेची हमी घेणाऱ्या विभागाचा). माझं वाचून कुठली एसओपी परस्पर बदलू नका.

नोल्सबद्दल माझं मत थोडं कडक आहे. मोठ्या माणसाला ‘हे का शिकायचं’ ते आधी कळायला हवं, त्याला स्वतःचे निर्णय स्वतः घ्यायची सवय असते, तो अनुभव घेऊन येतो, कामात अडलं की शिकायला तयार होतो, विषयापेक्षा समोरच्या अडचणीभोवती शिकतो आणि त्याची खरी ओढ आतून येते, असं ते म्हणणं. आपल्याकडे लोक ह्याचा अर्थ लावतात की हॉलमध्ये खुर्च्या गोलाकार मांडायच्या आणि चार्टपेपर वाटायचे. माझ्या मते त्यातला सगळ्यात जड मुद्दा अनुभवाचा, आणि त्याचा निकाल हॉलच्या बाहेर, माणूस लाईनवर काही सांगतो तेव्हा त्याचं ऐकलं जातं की नाही इथे लागतो. स्वतः नोल्सनेही 1970 साली मुलांचं शिक्षण आणि प्रौढांचं शिक्षण समोरासमोर उभं केलं होतं, ते 1980 च्या आवृत्तीत सैल केलं. गोळ्यांची पाकिटं बनवणारं नवीन ब्लिस्टर मशीन आलं की जुना ऑपरेटरही नवशिका असतो. तेव्हा त्याला सरळ ‘हे असं करायचं’ असं दाखवावंच लागतं. गटचर्चा तिथे वेळकाढूपणा होते.

आता ज्यामुळे मी हे लिहायला बसले ते. आमचं ट्रेनिंग चालायचं गोव्याबाहेरच्या एका कार्यालयाच्या हुकमावर. एकदा नव्या बॅचच्या सुरुवातीलाच आधीच्या बॅचचं एक कार्टन (औषधाचं छापील खोकं) लाईनवर सापडलं. चौकशी झाली, मूळ कारण ‘मानवी चूक’, उपाय ‘रिट्रेनिंग’. इंग्रजी स्लाईड वरून आल्या, त्या मी वाचून दाखवायच्या, लगेच दहा प्रश्नांची चाचणी घ्यायची आणि किती माणसं, किती तास, किती टक्के एवढं कळवायचं.

ट्रेनिंगच्या त्या गटात सत्तरी तालुक्यातले एक वयस्क ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. सेशननंतर ते मला लाईनवर घेऊन गेले. कन्व्हेयरच्या बाजूच्या गार्डखाली एक फट होती. कार्टन वाकडं होऊन तिथे सरकलं की उभ्याने दिसायचंच नाही. मशीन पुन्हा चालू झाल्यावर हादऱ्याने बाहेर यायचं. गार्ड काढायला ॲलन की (षटकोनी पाना) लागायची, ती मेंटेनन्सकडे, आणि रात्रपाळीला मेंटेनन्सचा माणूस यायला वेळ लागायचा. तोवर सुपरवायझर बॅच सुरू करायची घाई करणार. “बाय, आमी वाकून पळयतात, पूण थंय दोळो पावना,” म्हणजे आम्ही वाकून बघतो, पण तिथे डोळा पोचत नाही, असं ते म्हणाले आणि गुडघ्यावर बसून मोबाईलच्या उजेडात ती फट दाखवली.

मी हे सगळं व्यवस्थित लिहून पाठवलं. उत्तर आलं की ऑपरेटरचं म्हणणं हे मूळ कारण धरता येत नाही, गार्ड बदलायचा तर चेंज कंट्रोलची (बदलाच्या मंजुरीची) वेगळी फाईल लागेल, तुम्ही ट्रेनिंग मुदतीत क्लोज करा. केलं. काही दिवसांनी परत कार्टन सापडलं, परत तेच रिट्रेनिंग, आणि ह्या वेळी यादीत पहिलं नाव मामांचं. ते मागच्या रांगेत बसले, सही केली, उठून गेले. त्यानंतर त्यांनी मला एकही गोष्ट सांगितली नाही. त्यांचं पाहून बाकीचेही गप्प झाले. लाईनवर काय बिघडतंय ते मला पुढे फक्त डेव्हिएशनच्या कागदावरून कळायचं, म्हणजे बिघडून गेल्यावर. त्या कार्यालयाचा राग माझ्या मनात आजही आहे, कारण त्यांच्या तक्त्यात हे सगळं शंभर टक्के यशस्वी ट्रेनिंग म्हणून नोंदलेलं होतं.

म्हणून तुमचे लोक गप्प आहेत त्यात तुमच्या खेळांचा दोष असेल असं मला वाटत नाही. तुमच्या आधी कोणीतरी रिट्रेनिंगची शिक्षा करून ठेवली असावी. चूक झाली की बसवतात, मग बसवलं म्हणजे चूक आपली, हे प्रत्येकाला पाठ असतं.

प्रशिक्षणावर लिहिणाऱ्या रॉबर्ट मेगर यांची एक कसोटी आहे: जीव वाचवायचा असता तर ह्या माणसाला हे काम नीट जमलं असतं का? जमलं असतं, तर त्याला शिकवून उपयोग नाही. आड काय येतंय ते शोधा. लाईन क्लिअरन्सचं डेव्हिएशन परत परत येतंय तर आधी ही कसोटी लावा. उजेड, हत्यार, वेळ, दोन बॅचमधली घाई, काहीतरी निघेलच.

महिनाअखेरचं सेशन टाळता येणार नाही, मान्य. पण ते हॉलमध्ये घेऊ नका. शिफ्ट बदलताना वीस मिनिटं बंद लाईनवर घ्या. वेगळ्या रंगाचे डमी तुकडे करा, कार्टनचा, फॉईलचा, पत्रकाचा, एखादी डमी गोळी, आणि ते लाईनमध्ये लपवा. दोघादोघांच्या जोडीने क्लिअरन्स करायचा. जुन्या माणसाला विचारा, तुम्ही पहिली नजर कुठे टाकता आणि का? तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि चौकशीच्या फाईलला जोडा. हे क्यूएची लेखी परवानगी घेऊनच करा, खरं छापील साहित्य चुकूनही वापरू नका, आणि ठेवलेले तुकडे मोजून ठेवा, मोजून उचला. एक जरी राहिला तर नवीन डेव्हिएशन तुमच्या नावावर.

‘ऑडिटला चालेल का’ ही भीती तुम्हाला घालतीलच. डब्ल्यूएचओच्या जीएमपीत, म्हणजे चांगल्या औषधनिर्मितीच्या नियमांत, ट्रेनिंगची प्रत्यक्षातली परिणामकारकता अधूनमधून तपासा असं स्पष्ट म्हटलंय. अमेरिकेच्या औषधनिर्मितीच्या नियमात, 21 सीएफआर 211.25 मध्येही शिक्षण, प्रशिक्षण आणि अनुभव हे तिन्ही एका ओळीत धरलेत. दोन तासांच्या स्लाईड दाखवा असं कुठेही लिहिलेलं नाही. ती मागणी आपल्याच कार्यालयांची.

चाचणी लगेच घेण्याबद्दलही एक सांगते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रयोग केला होता. मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवडाभराने आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे होते. म्हणजे सेशन संपताच मिळालेले नव्वद टक्के तुम्हाला फारसं काही सांगत नाहीत. कंपनीला हवी म्हणून ती चाचणी ठेवा, पण आठवड्याने लाईनवर जाऊन दोन प्रश्न तोंडी विचारा आणि त्याची तारीख लिहून ठेवा.

भाषा कोकणी-मराठीच ठेवा, बेळगाव आणि ओडिशाकडच्या कंत्राटी मुलांसाठी हिंदी. रेकॉर्ड इंग्रजीत चालेल. आणि कंपनीच्या बसच्या वेळेवर सेशन नेऊ नका. वाळपईला जाणारी बस चुकली तर त्या माणसाने घरी जायचं कसं? चतुर्थीच्या आधीचा आठवडाही सोडा.

शेवटी तुम्ही विचारलेल्या त्या महागड्या ‘ट्रेनर’ सर्टिफिकेटबद्दल. अभ्यासक्रमात ‘बघून शिकणारे, ऐकून शिकणारे, करून शिकणारे’ अशी माणसांची वर्गवारी असेल तर पैसे घालू नका. त्या वर्गवारीप्रमाणे शिकवल्याने जास्त शिकता येतं ह्याला पुरेसा आधार नाही, असं पॅशलर या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्येच दाखवलंय. चौकशी कशी करायची, मूळ कारण कसं शोधायचं ह्याचा कोर्स मिळाला तर तो करा, कंपनीकडून पैसे मागून करा. आणि तोवर तुमच्या पॅकिंगच्या रात्रपाळीला जाऊन एक पूर्ण क्लिअरन्स बघा, कागद हातात न घेता. काय दिसलं ते इथे लिहा, मग पुढचं बोलू.