मज्जारज्जूची इजा : शस्त्रक्रिया की कॉलर?

प्रश्न : अपघातात मानेचा मणका सरकून भावाच्या हातापायांतली शक्ती गेली आहे. शस्त्रक्रिया टाळता येईल का?

उत्तर : सरकलेला मणका मज्जारज्जूवर दाब देत असेल, तर तो दाब शक्यतो पहिल्या २४ तासांत काढून मणके स्क्रू-सळ्यांनी स्थिर केल्यास सुधारणेची शक्यता वाढते, म्हणून कृपया निर्णय लांबवू नका. तुटलेले मज्जातंतू मात्र शस्त्रक्रियेने सांधले जात नाहीत. हे कुटुंबाला आधीच स्पष्ट सांगितले गेले पाहिजे, असे मला कळकळीने वाटते. मणके स्थिर असून दाब नसेल, तर बहुधा कॉलर आणि देखरेख पुरते. दोन्ही मार्गांत रक्तदाब खाली जाऊ न देणे, मान न वळवता दर दोन तासांनी कूस बदलणे आणि फिजिओथेरपी आवश्यकच आहे. सतत पडून राहिल्याने जखमा होऊ नयेत म्हणून टाचा व माकडहाडावरची त्वचा रोज पाहावी. लाली दिसताच तिथला भार काढावा.