पिंगमधला कुठला टाइम कशाचा?

प्रश्न : नमस्कार ताई, मी एका ऑफिसचं नेटवर्क बघतो, नवीनच लागलोय. सर्व्हर स्लो आहे अशी तक्रार आली म्हणून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघायला लिनक्सवरून पिंग ही कमांड मारली, १० पॅकेट म्हणजे डेटाचे छोटे तुकडे. नऊ ओळींमध्ये टाइम १८ ते २२ मिलिसेकंदच्या आसपास आणि एका ओळीत एकदम ९४. पण शेवटी आलं की १० पाठवली, १० मिळाली, लॉस ०%, टाइम ९०१३ एमएस. म्हणजे नऊ सेकंद ना? मी साहेबांना सांगून टाकलं की नऊ सेकंद लागतायत. त्याच्या खाली मिन १८.१, अ‍ॅव्हरेज २७.४, मॅक्स ९४.२, एमडेव्ह २२.२ असं पण आहे, त्यातलं एमडेव्ह म्हणजे काय ते कळलं नाही. आणि टीटीएल ५७ म्हणजे ५७ काय, सेकंद?

उत्तर : आधी साहेबांना सांगा की नऊ सेकंद नाहीत, हे आजच सांगा, कारण त्या आकड्यावरून कोणी नवीन सर्व्हरची ऑर्डर द्यायला निघालं तर फुकट खर्च होईल. शेवटच्या ओळीतला ९०१३ हा पिंग कमांड एकूण किती वेळ चालली त्याचा आकडा आहे. पिंग एक पॅकेट पाठवतं, एक सेकंद थांबतं, मग दुसरं पाठवतं. १० पॅकेट म्हणजे मधली नऊ थांबणी, म्हणून नऊ सेकंद आणि वर थोडं. नेटवर्क कितीही चांगलं असलं तरी हा आकडा नऊ हजारच्या वरच येणार. पटत नसेल तर पॅकेटमधलं अंतर ०.२ सेकंद करून बघा, तोच आकडा अठराशेच्या आसपास येईल आणि नेटवर्क होतं तसंच असेल. वरच्या प्रत्येक ओळीत आणि शेवटच्या ओळीत टाइम हाच शब्द छापलाय त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे, नवीन आलेल्या बऱ्याच जणांचा होतो.

तुम्हाला हवा तो टाइम वरच्या ओळींमधला. तो मोजला कसा जातो ते एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप सुटतं. पिंग हा प्रोग्राम माइक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरमध्ये लिहिला आणि नाव ठेवलं सोनारच्या आवाजावरून, पाणबुडीवाले आवाज सोडतात आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागतो ते बघतात ना, ते. इथेही तसंच, आपलं मशीन पॅकेट सोडताना आपल्याच घड्याळातली वेळ त्याच्यात लिहून टाकतं, समोरचं मशीन ते पॅकेट जसंच्या तसं परत पाठवतं, परत आलं की आपण आत्ताच्या वेळेतून ती वजा करतो. दोन्ही टोकांना घड्याळ आपलंच, म्हणून समोरच्या मशीनची वेळ चुकलेली असली तरी आकडा बरोबर येतो. आणि म्हणूनच हा जाऊन-येऊनचा वेळ आहे. याचा निम्मा केला म्हणजे जायचा वेळ मिळाला असं धरू नका, कारण जायचा रस्ता आणि यायचा रस्ता इंटरनेटवर बऱ्याचदा वेगळा असतो.

टीटीएल म्हणजे टाइम टू लिव्ह, नावात टाइम आहे पण आज तो वेळ नाहीच. इंटरनेटच्या १९८१ च्या मूळ नियमात तो सेकंदांत धरला होता खरा, पण त्याच नियमात असंही होतं की प्रत्येक राउटरने निदान एक तरी कमी करायचा, आणि प्रत्यक्षात तो राउटर मोजायचा आकडा होऊन बसला. लिनक्स मशीन साधारण ६४ पासून सुरू करतं, विंडोज १२८ पासून. तुमच्याकडे ५७ आलाय म्हणजे बहुतेक ६४ वरून निघून परत येताना सात राउटर लागले. पॅकेट फिरत राहू नये म्हणून ती सोय आहे, वेगाशी काही संबंध नाही.

आता ते चार आकडे. अ‍ॅव्हरेज २७.४ आलाय, पण बघा, तुमची दहातली नऊ पॅकेट २२ च्या आत आहेत, म्हणजे २७ मिलिसेकंदला एकही पॅकेट आलेलं नाही! एका ९४ ने सगळी सरासरी वर ओढली. म्हणून मी नेहमी आधी मिन बघते. मिन म्हणजे रस्ता मोकळा असताना लागलेला वेळ, त्याच्या वर जे काही आहे ते कुठेतरी थांबावं लागलं म्हणून. आणि एमडेव्ह म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते, गणितात ज्याला प्रमाण विचलन म्हणतात तेच. तुमचा २२ म्हणजे जवळजवळ सरासरीइतकाच, तो एका उडीमुळे आलाय. दहा पॅकेटवर यापेक्षा जास्त बोलू नये, शंभर-दोनशे पाठवा आणि मग बघा.

ती ९४ ची उडी कितव्या ओळीत होती ते तुम्ही लिहिलं नाही आणि मला तेच हवं होतं. पहिल्याच ओळीत असेल आणि समोरचं मशीन आपल्याच लॅनवर, म्हणजे ऑफिसच्याच नेटवर्कवर, असेल तर बहुतेक काही बिघडलेलं नाही, मशीनला आधी समोरच्याचा हार्डवेअर पत्ता शोधावा लागतो आणि तो वेळ पहिल्या पॅकेटच्या अंगावर पडतो. मधेच येत असेल आणि तुम्ही वाय-फायवर असाल तर केबल लावून परत करा, वाय-फाय कार्ड वीज वाचवायला मधे मधे झोपतं आणि तेव्हा अशा उड्या दिसतात. केबलवरही येत असेल तर दोन खिडक्या उघडा, एकीत आपल्याच राउटरला पिंग आणि दुसरीत सर्व्हरला. दोन्हीकडे एकाच वेळी उडी आली तर घोळ आपल्या घरात, फक्त दुसरीकडे आली तर पुढे कुठेतरी. तेव्हाच कोणी मोठी फाइल अपलोड करतंय का तेही बघा, कारण अपलोडने राउटरची रांग भरली की आपलं छोटंसं पॅकेट त्या रांगेच्या मागे उभं राहतं आणि २० चे २०० व्हायला वेळ लागत नाही.

एक गोष्ट मात्र कोणाच्याच हातात नाही, ती म्हणजे अंतर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १००० किलोमीटरवरच्या मशीनला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद लागणारच, आणि केबल सरळ रेषेत नसते म्हणून थोडे जास्तच. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर वर, त्यावरून गेलं तर सुमारे ४८० मिलिसेकंदच्या खाली येणं शक्यच नाही. त्यामुळे कमी पिंग मागण्याआधी समोरचं मशीन आहे कुठे ते विचारा.

प्रश्न : ट्रेसरूट ही कमांड पॅकेट कुठकुठल्या राउटरमधून जातं ते टप्प्याटप्प्याने दाखवते ना, त्यात पाचव्या टप्प्यावर १८०, १७६, १९१ असे आकडे आहेत, सातव्यावर तीन तारे, आणि शेवटचा नववा टप्पा २४, २५, २४. पाचवा राउटर खराब आहे असं इंटरनेटच्या कंपनीला कळवू का?

उत्तर : नका कळवू, निदान एवढ्यावरून तरी नाही. प्रत्येक ओळीतला वेळ तुमच्यापासून त्या टप्प्यापर्यंत जाऊन-येऊनचा असतो, मागच्या टप्प्यापासूनचा नाही. नवव्याला जाणारं पॅकेट त्याच रस्त्याने पाचव्यातून पुढे गेलं आणि २४ मध्ये परत आलं, मग पाचव्याने १५० मिलिसेकंद अडवलं असतं तर नववा २४ आला कसा? होतं काय, राउटरचं खरं काम दुसऱ्यांची पॅकेट पुढे ढकलणं, ते हार्डवेअर झटपट करतं. ट्रेसरूटला उत्तर लिहून पाठवायचं काम त्याच्या साध्या प्रोसेसरकडे असतं आणि ते सगळ्यात शेवटच्या प्राधान्याचं असतं. म्हणून १८० हा बऱ्याचदा उत्तर द्यायला लावलेला उशीर असतो. तारे म्हणजे त्याने ठरलेल्या वेळेत उत्तरच दिलं नाही, काही राउटर मुद्दाम देत नाहीत, पुढचे टप्पे दिसतायत म्हणजे रस्ता चालू आहे. काळजी कधी करायची, तर वेळ एका टप्प्यावर वाढला आणि तिथून पुढे शेवटपर्यंत वाढलेलाच राहिला तर. तेव्हाही आधी अंतर आठवा, मधे समुद्राखालची लांब केबल असेल तर अशी उडी तिथे हक्काची आहे.

प्रश्न : पिंग २० मिलिसेकंद आहे तरी आमचं पेज उघडायला सव्वादोन सेकंदांच्या वर लागतात. कर्ल या पेज मागवून बघायच्या कमांडने वेळ काढली तर नेमलुकअप ०.००४, कनेक्ट ०.०२५, अ‍ॅपकनेक्ट ०.०६८, स्टार्टट्रान्सफर २.३१०, टोटल २.३४५. यांची बेरीज टोटलपेक्षा जास्त होतेय, कर्ल चुकतंय का?

उत्तर : बेरीज करायचीच नाही, हे सगळे आकडे सुरुवातीपासूनचे आहेत, सेकंदांत. एकातून आधीचा वजा करायचा. ०.०२५ मधून ०.००४ गेले, राहिले २१ मिलिसेकंद, म्हणजे टीसीपी, सर्व्हरशी मूळ जोडणी, जोडायला एक फेरी, तुमच्या पिंगशी बरोबर जुळतंय. मग ४३ मिलिसेकंद टीएलएसचे, म्हणजे ती जोडणी सुरक्षित करायचे, त्यात दोन फेऱ्या झाल्या, यावरून टीएलएसचं जुनं १.२ चालू असावं असं वाटतं कारण १.३ ला एकच फेरी पुरते. आणि मग २.२४ सेकंद, रिक्वेस्ट गेल्यापासून पहिला बाइट येईपर्यंत. त्यातले रस्त्याचे फक्त २०, उरलेला सगळा वेळ सर्व्हर पेज तयार करत बसलाय, बहुतेक डेटाबेसकडे काहीतरी मागून वाट बघतोय. शेवटचे ३५ मिलिसेकंद पेज उतरवायचे. तेव्हा नेटवर्कवाल्यांना सोडा आणि हे पाच आकडे वजाबाकीसकट प्रोग्रामरांना पाठवा. पाठवण्याआधी चार-पाच वेळा चालवून बघा आणि पहिल्या वेळचे आकडे वेगळे लिहून ठेवा, कारण नंतर नाव शोधणं कॅशमधून, म्हणजे आधीच साठवलेल्या उत्तरातून, होतं आणि सर्व्हरचीही पहिली खेप बऱ्याचदा जड असते.