अंदमानच्या सुट्टीत स्कूबाचं सर्टिफिकेट घ्यावं की नुसती एक बुडी मारून यावं?

तुम्ही लिहिलंय की अंदमानात सहा दिवस आहात, पोहता येतं, ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या सर्टिफिकेटाचा, कोर्स करायची इच्छा आहे, पण घरचे म्हणतात सहल वाया जाईल. कोर्स करा. माझ्या घरीही हेच म्हणाले होते, दादा सगळ्यात जास्त. तो वाद अजून मिटलेला नाही, म्हणून उत्तर लिहायला बसले.

आमचं शेत बेळगावजवळ, कडोलीच्या बाजूला. पाठीला पत्र्याचा डबा बांधून मला विहिरीत ढकललं आणि पोहायला शिकवलं ते दादानंच. बुडी मारून तळातली माती मुठीत घेऊन वर यायचं, ज्याचा दम जास्त टिकेल तो मोठा. त्यामुळे त्याचं ठरलेलं मत असं की विहिरीत पोहणाऱ्याला सर्टिफिकेटाचं कार्ड कशाला? पण सिलिंडर लावून खाली गेलात की दम धरायचाच नाही, हा स्कूबातला पहिला नियम. दहा मीटरवर दाब वरच्या दुप्पट असतो. तिथं छातीभर हवा घेऊन, ती कोंडून वर आलात तर ती फुगून दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुस फाटू शकतं. विहिरीत आपण वरची हवा घेऊन जातो. ती खाली दबते आणि वर येताना मूळ मापावर येते, म्हणून तिथं दम धरणं चालतं. कोर्स न करता मारायच्या फोटोवाल्या बुडीत "श्वास चालू ठेवा" एवढंच सांगतात. कोर्समध्ये कारणासकट शिकवतात आणि ते अंगवळणी पडेपर्यंत सोडत नाहीत.

मी स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, कोर्स केला. घरची मंडळी राधानगरच्या किनाऱ्यावर आणि मी कमरेएवढ्या पाण्यात गुडघे टेकून मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून घेत होते, मग नाकानं हवा सोडून ते बाहेर काढत होते. तोंडातलं रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा घ्यायचं साधन, काढायचं, हातानं शोधायचं, पुन्हा तोंडात घालायचं. हे सुट्टीत करायचं काम नव्हे असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाळूत बसावं. मला त्या दिवसांइतकी मजा कुठल्याच सहलीत आलेली नाही.

पण कार्डाची खरी किंमत गोव्यात कळली. आम्ही सगळे ग्रँड आयलंडला गेलो होतो. दादानं प्रशिक्षकाचा हात धरून एक बुडी मारली, मी कार्ड दाखवून एकापाठोपाठ दोन मारल्या. दुपारी किनाऱ्यावर आलो, जेवलो, आणि दादा म्हणाला, "चला, चोर्ला चढला की रात्रीच्या आत बेळगाव." सकाळी त्याला शहापुरातलं दुकान उघडायचं होतं. मी म्हटलं, आज घाट चढायचा नाही.

बोटीवर जो फॉर्म भरून घेतला त्यात विचारलं होतं, चोवीस तासांत विमान आहे का? आम्ही सगळ्यांनी "नाही" लिहिलं, आणि तिथल्या माणसानं पुढं काही विचारलं नाही. दादा म्हणाला, "काय सांगूलालीस गं? आपण काय विमानातनं चाललोय?" अहो, प्रश्न विमानाचा नाही, उंचीचा आहे. उंच गेलं की हवेचा दाब उतरतो. खाली दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि अंगात विरघळतो. बाहेरचा दाब हळूहळू उतरला तर तो श्वासावाटे निघून जातो, घाईनं उतरला तर त्याचे बुडबुडे होतात. सांधे धरतात, कधी हातपाय लुळे पडतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग सुरक्षेच्या संस्थेची विमानाबद्दलची सूचना दोन हजार फुटांपासून पुढच्या उंचीला लागू आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या आसपास. म्हणजे गोव्यात बुडी मारून त्याच संध्याकाळी चोर्ल्यानं किंवा आंबोलीनं घरी येणारा आपल्याकडचा प्रत्येक माणूस विमानात बसल्यासारखाच असतो, आणि त्याला ते कुणी सांगत नाही. मुंबईच्या माणसाला ही अडचण नाही, म्हणून मुंबईकरांनी लिहिलेल्या माहितीत ती सापडतही नाही.

त्या रात्री घाटाखाली साखळी गावात लॉज घेतला. वहिनी माझ्या बाजूनं होत्या, दादा जेवला नाही. सकाळी चहा पिऊन घाट चढलो. तेव्हापासून प्रत्येक लग्नाकार्यात तो सांगतो की हिच्या सर्टिफिकेटापायी एक रात्र आणि सोमवारचा धंदा गेला.

तर तुमचं. वेळ वाचवायचा असेल तर थिअरी घरीच ऑनलाइन संपवून जा, मग तिथं तीन दिवसांत काम होतं. उथळ पाण्यातले धडे, मग समुद्रात चार बुड्या. दोनशे मीटर न थांबता पोहून दाखवावं लागतं, वेळेचं बंधन नाही, आणि दहा मिनिटं तरंगावं लागतं. विहिरीत शिकलेल्याला हे काहीच नाही. कार्ड देणारी संस्था पॅडी (PADI) असो की एसएसआय (SSI), कार्ड जगभर चालतं, त्याला मुदत नसते आणि अठरा मीटरपर्यंत जाता येतं. संस्था बघण्यापेक्षा एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी घेतात ते विचारा.

बुड्या पोहोचल्या पोहोचल्या सुरू करा, शेवटचा दिवस कोरडा ठेवा. एका बुडीनंतर किमान बारा तास आणि एकापेक्षा जास्त झाल्या तर किमान अठरा तास उंची गाठायची नाही. दादाची एकच बुडी होती, तीही उथळ, त्यामुळे त्याला धोका माझ्यापेक्षा कमी होता हे मान्य. पण बारा तास त्याचेही झाले नव्हते.

दमा असेल, कानाचं ऑपरेशन झालं असेल, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरची सही घ्या, तिथं जाऊन फॉर्मवर खोटं लिहू नका. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका, कानातला दाब सुटत नाही आणि पडदा फाटू शकतो. पावसाळ्यात तर जाऊच नका.

आणि घरचे पुन्हा म्हणाले सहल वाया जाईल, तर त्यांना हे उत्तर वाचायला द्या. दादालाही पाठवणार आहे. दादा, पुढच्या लग्नात धंदा बुडाल्याचं सांगशील तेव्हा बेळगावची उंचीही सांग, आणि लॉजचं भाडं मी दिलं होतं तेही.