गाळा राहू द्या, आधी तिची वही बघा

पत्र: महाल भागात माझं कापडाचं दुकान आहे. मुलगी 19 वर्षांची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. बारावीला 61 टक्के मिळाले, पण चित्रकलेत पहिल्यापासून हुशार. इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड. मागच्या दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत रात्री एक-एक वाजेपर्यंत जागून तिनं स्वतःच्या चित्रांवरून पितळी पत्रा, तार आणि पॉलिमर क्लेची कानातली केली. मैत्रिणीच्या स्टॉलवर 250 रुपयांप्रमाणे 40 जोड दोन दिवसांत संपले. धरमपेठेत एका गाळ्याला मी 51,000 रुपये टोकन दिलं आहे. दसऱ्याला उद्घाटन. तिला अजून सांगितलेलं नाही, सरप्राइज आहे. सहा महिन्यांत तयार करणारा ज्वेलरी डिझाइनचा कोर्स सुचवा. चित्रांवरून दागिन्यांचा स्टुडिओ उभा राहिल्याचं एखादं मोठं उदाहरणही सांगा, तिला हुरूप येईल. आजोबांचे जुने दिवाळी अंक घरी आहेत, चित्रकार दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं असलेले. त्यावरून डिझाइनं घेतली तर चालतील ना? हल्ली ती चित्रं काढत नाही. रोज दोन तरी डिझाइनं काढायला तिला सांगा. वहीचे फोटो सोबत पाठवतो.
— एक वडील, नागपूर

उत्तर:

नमस्कार भाऊ,

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांतले वडील विचारतात, चित्रं काढून पोट भरतं का? तुम्ही लेकीच्या चित्रांवर भरवसा ठेवून खिशात हात घातलात. त्याबद्दल मला आदर आहे आणि तो ठेवूनच सांगते, तो गाळा घेऊ नका.

कारण तुमच्याच पत्रात आहे. अगदी शेवटी, जाता जाता तुम्ही लिहिलंय, 'हल्ली ती चित्रं काढत नाही.' आणि त्यावर तुमचा उपाय काय, तर रोज दोन डिझाइनं. विहिरीचं पाणी खाली गेलं की आपण मोटार जास्त वेळ चालवत नाही, भाऊ. आधी वाकून आत बघतो.

मी आत पाहिलं. वहीचे फोटो तारखांप्रमाणे लावले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. दिवाळीआधीच्या पानांवर तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत निघालेली पोरं आहेत. त्यातल्या एकाची चप्पल तुटलीय आणि त्यानं ती बैलाच्याच पाटीवर ठेवलीय. मारबतीच्या मिरवणुकीची गर्दी आहे, गच्चीवरून पाहिलेली, नुसती डोकी आणि मधून वर आलेले हात. कापडाच्या गठ्ठ्याला टेकून दुपारी डुलकी घेणारा एक माणूस आहे. ते बहुधा तुम्हीच. ते चित्र तुम्ही नीट पाहिलंत का? चष्मा कपाळावर सरकलाय, एका हातात कापड मोजायचा गज तसाच राहिलाय. असं चित्र काढायला हात तयार असावा लागतोच, पण समोरच्या माणसावर मायाही असावी लागते.

दिवाळीनंतरची पानं बघा. वर्तुळं आखलेली, आत एकेक आकृती, बाजूला '3 सेंमी, 250'. मग 'निळे 14 जोड'. पोरं गेली, गर्दी गेली, तुम्हीही गेलात. शेवटच्या चार पानांवर फक्त वर कोपऱ्यात तारीख आहे. म्हणजे पोरगी बसली होती. चार वेळा वही उघडून, तारीख घालून बसली आणि काही उमटलं नाही. मला या पत्रात गुणांची काळजी वाटली नाही, 61 टक्क्यांचं मला काहीच वाटत नाही. मला या चार तारखांची काळजी वाटते.

तुम्ही म्हणाल, मी कुठे दबाव टाकला? मी तर तिच्या आवडीचंच करतोय. खरं आहे, तुम्ही तिला रागावला नाहीत, डॉक्टर हो म्हणाला नाहीत. पण वडिलांच्या कौतुकाचाही भार असतो आणि त्याला नाही म्हणणं रागाला नाही म्हणण्यापेक्षा अवघड जातं. दसऱ्याच्या दिवशी फीत, नारळ, सगळे नातेवाईक आणि पाटीवर तिचं नाव, अशा वेळी 19 वर्षांची मुलगी तोंड उघडून 'बाबा, मला हे नको होतं' म्हणेल? ती हसेल, पेढे वाटेल आणि पुढची कित्येक वर्षं काउंटरमागे बसेल. वाढदिवसाला सायकल आणून चकित करावं. आयुष्याचा धंदा असा गुपचूप आणून ठेवू नये.

आता तुमच्या गादीवरचा हिशेब करू. 40 जोड, 10,000 रुपये. तुम्ही दोन दिवसांनी भागलंत, मी वीस रात्रींनी भागते. रात्रीचे पाच तास धरले तरी शंभर तास झाले. तासाला शंभर रुपये पडले, तेही पितळ, क्ले, हुक, डब्या यांचा खर्च वजा करण्याआधी. विकायला दोन दिवस लागले, कारण माल चांगला होता आणि दिवाळी होती. गाळ्याचं भाडं मात्र आषाढातही द्यावं लागतं. कापड ठोकानं आणून विकण्याची तुम्हाला सवय आहे. इथे ठोक विक्रेता, कारागीर, विक्रेती आणि झाडून घेणारी एकच आहे, आणि तिची परीक्षाही आहे.

यापुढचा गैरसमज जरा मोठा आहे आणि तो तुमच्या एकट्याचा नाही. चित्र चांगलं आलं की दागिना अर्धा झाला, उरलेलं कारागीर बघून घेईल, असं पुष्कळांना वाटतं. कागदावरची रेघ कागदाच्या आधारावर उभी असते. कानातलं एका कडीवर लोंबतं, फिरतं, मागूनही दिसतं. पेनाची केसासारखी रेघ पितळेत कापायला गेलात तर हातात येईपर्यंत वाकते. जाड पत्रा घ्यावा तर वजन वाढतं. एक मिलिमीटर जाडीचा, तीन सेंटिमीटर बाजूचा चौकोनी पितळी तुकडा साधारण साडेसात ग्रॅम भरतो. तो दिवसभर कानात घालून बघा, म्हणजे कळेल. चित्राच्या मधली पोकळ जागा कापायची तर आधी भोक पाडून त्यातून करवतीचं पातं ओवावं लागतं. शिंगाचं टोक ओढणीत अडकतं. झाळकामात, म्हणजे धातूचे सांधे जोडताना, आच जरा जास्त झाली की शेजारचा आधीचा सांधा सुटतो. हे सगळं चित्र काढतानाच डोक्यात असावं लागतं, म्हणून जो धातूजवळ बसला नाही त्याचं डिझाइन कारागिराच्या हातात गेल्यावर बदलतं आणि मग दोघंही एकमेकांवर चिडतात. तुमच्या लेकीला यातलं थोडं आपोआप कळलंय, हेही सांगते. लाकडी बैलाच्या कानातल्यांचे दोन फोटो आहेत. पहिल्यात कडी पाठीच्या मधोमध आहे आणि बैल तोंडावर पडल्यासारखा दिसतो. दुसऱ्यात तिनं कडी वशिंडाच्या पुढे घेतली, खाली चाकांची पाटी जोडली आणि बैल सरळ उभा राहिला. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. तो फोटो बघून मला फार आनंद झाला.

तुम्ही मोठं उदाहरण मागितलंत, ते देते, पण पूर्ण देते. आल्फोन्स मुखा हा चेक चित्रकार पॅरिसमध्ये सारा बर्नहार्ट या अभिनेत्रीच्या नाटकांची पोस्टरं करायचा. 1898 च्या एका पोस्टरात त्यानं तिच्या हाताला वेटोळं घातलेला साप काढला. पुढच्याच वर्षी जॉर्ज फुके या जवाहिऱ्यानं तो साप सोनं, मीना आणि ओपलमध्ये तिच्यासाठी प्रत्यक्ष घडवला. चित्रातून दागिना जन्मल्याचं याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही. पण यात माणसं दोन आहेत. मुखा चित्रकारच राहिला. घडवणारी पेढी फुकेच्या वडिलांनी 1860 साली सुरू केलेली होती. दोन्ही कामं एकट्यानं करणारा रने लालिक 1876 मध्ये सोळाव्या वर्षी जवाहिऱ्याकडे उमेदवारीला लागला, मधे चित्रकला शिकून आला आणि त्याचा स्वतःचा कारखाना झाला 1885 मध्ये. मधे नऊ वर्षं गेली. तुम्ही सहा महिने म्हणताय.

दलालांची मुखपृष्ठं तिला जरूर दाखवा. त्या बायकांच्या कानातली, नथी, मानेचा बाक आणि त्याभोवती मोकळी सोडलेली जागा बघत बघत आमची पिढी मोठी झाली. पण ती उचलून दागिन्यावर छापून विकणं चालणार नाही. आपल्याकडे चित्रकाराच्या निधनानंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो. दलाल 1971 मध्ये गेले, म्हणजे 2031 संपेपर्यंत तो आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, जिच्या वहीत चप्पल वाहून नेणारा लाकडी बैल आहे तिनं दुसऱ्याच्या मुखपृष्ठावरून नथ का उचलायची? 

तुम्ही कोर्स विचारलात, म्हणून थोडक्यात: बीएफए या चित्रकलेच्या पदवीसाठी राज्याची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा, डिझाइनच्या पदवीसाठी एनआयडी आणि निफ्ट या राष्ट्रीय संस्थांच्या प्रवेश परीक्षा, आणि दागिन्यांसाठीच शिकायचं तर मुंबईची आयआयजीजे ही संस्था. वयाची आणि बारावीच्या वर्षाची अट आधी तपासून घ्या.

आता काय करायचं. एखाद्या रविवारी, दुकान बंद असताना, तिच्यासोबत बसा. गाळ्याचं सगळं सांगा, आणि तो सोडतोय हेही सांगा. मग विचारा की तिला यातलं काय आवडतं, रेघ ओढणं, की पत्रा कापून सांधणं, की लोकांना विकणं. तिन्ही वेगळी कामं आहेत. उत्तर लगेच आलं नाही तर सुचवू नका.

ती चित्रं म्हणाली, तर नागपुरातच शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. उपयोजित कला शाखेत इलस्ट्रेशन रीतसर शिकता येईल. दोन वर्षं वाया गेली असं तिला ऐकवू नका. बी.कॉम. पूर्ण करून जायचं की मधेच सोडून, ते तिला ठरवू द्या. माझा कल सोडण्याकडे आहे.

ती पितळ म्हणाली, तर इतवारीच्या सराफ्यात तुमच्या ओळखी असतीलच. त्या ओळखी गाळ्यासाठी नको, एखाद्या चांगल्या कारागिरासाठी वापरा. सुट्टीत तीन महिने त्याच्या शेजारी बसून करवत, कानस, झाळकाम, पॉलिश शिकू दे. हात भाजतील, पाती तुटतील, त्याचे पैसे तुम्ही द्या. त्यानंतरही डोळ्यांत तेच तेज असेल तर कोर्सचं बघू. एखादा मेळा करायला हरकत नाही. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात हस्तकलेचे मेळे भरतात, तिथे यंदा तिला बघायला न्या, विकायला नाही. अजब बंगल्यातही, आपल्या वस्तुसंग्रहालयात, न्या. वही सोबत असू दे आणि तुम्ही बाहेर चहा प्यायला जा.

आणि ती 'माहीत नाही' म्हणाली, तर तेही उत्तर आहे. ते घेऊन सहा महिने थांबा.

काहीही ठरलं तरी दोन वह्या आणून द्या. एकीत माप, वजन, किंमत, ऑर्डर. दुसरीत यातलं काहीही नाही आणि ती वही तुम्ही मागायची नाही. मला फोटो पाठवलेत ते तिला विचारून पाठवलेत का? पत्रावरून तसं वाटत नाही. तसं असेल तर हेही तिला त्या रविवारी सांगा.

गाळ्याच्या मालकाला उद्याच फोन करा. टोकन परत मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर ते 51,000 दुकानाच्या तोट्यात लिहा, तिच्या नावावर लिहू नका.