व्हिसा संपायच्या आत
ऑस्ट्रेलियाच्या ४६२चे, म्हणजे वर्षभर फिरत काम करायच्या ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसाचे, दोनच महिने उरलेत, पुढे तिथे कसं राहू म्हणतोस, मग आधी सांग, दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी लागणारे शेतावरच्या कामाचे तीन महिने भरलेत का? भरले असतील तर दुसऱ्या वर्षासाठी पहिल्या वेळेसारखी अर्जदारांची लॉटरी पुन्हा नाही. पेस्लिपा मात्र जपून ठेव. तिथल्या मिल्ड्युरा गावच्या द्राक्षमळ्यात ठेकेदाराने मला तीन आठवडे रोख पैसे दिले, ते आठवडे तीन महिन्यांच्या हिशेबात धरताच आले नाहीत.

नुसतं राहायचं म्हणून स्टुडंट व्हिसा? मी तरी घेणार नाही, फीच कंबरडं मोडते. मालक स्पॉन्सर करणार असेल तर ४८२ हा नोकरीचा व्हिसा बघ. त्याच कामाचा वर्षभराचा अनुभव लागतो.

काहीही कर, अर्ज मुदतीच्या आत आणि तिथे असतानाच टाक, म्हणजे निकाल लागेपर्यंत तिथे राहू देणारा ब्रिजिंग व्हिसा ए मिळतो. पण तो चालू झाल्यावर दिवाळीला घरी आलास की तो व्हिसा संपला! यायचंच असेल तर आधी ब्रिजिंग व्हिसा बी काढ, त्यावर परत जाता येतं.